कुटुंब बाहेर बसलंय

अख्ख्या नगर जिल्ह्यात ‘मी’ हा शब्द तोंडातून न काढता आयुष्य काढलेला माणूस मला एकच भेटला, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका मूळचे पाथर्डीकडचे. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा वडिलांचं नगरच्या बाजारातलं लोखंडी सामानाचं दुकान त्यांच्या वाट्याला आलं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि राहणारी माणसंही दोनच, काका आणि मावशी. मूलबाळ नव्हतं. पण काकांची भाषा कायम बहुवचनी. एकदा एकटेच एस.टी.त बसले आणि कंडक्टरला म्हणाले, “आमाला जामखेड द्या.” कंडक्टरनं शेजारच्या म्हातारीला हिशेबात धरून दोन तिकिटं फाडली. काकांनी मुकाट्यानं दोन्हींचे पैसे दिले. म्हातारी जामखेडपर्यंत त्यांना आशीर्वाद देत गेली.

गिऱ्हाइकानं भाव कमी करायला सांगितलं की काका म्हणत, “थांबा, मंडळींना इचारून येतो.” मंडळी म्हणजे मावशी. आत जाऊन यायचे आणि सांगायचे, “न्हाई म्हणत्यात.” एकदा मावशी माहेरी गेलेली असताना मी दुकानात बसलो होतो. तरीही काका आत गेले, रिकाम्या स्वयंपाकघरात घटकाभर उभे राहिले, तांब्याभर पाणी प्यायले आणि बाहेर येऊन म्हणाले, “न्हाई म्हणत्यात.” गिऱ्हाईक गेल्यावर मी हसलो, तर गंभीरपणे म्हणाले, “त्या काय म्हणतील ते आमाला ठाऊक हाय की. पर इचारायला नको व्हय?”

दुष्काळी कामांची ती वर्षं. नांगराच्या फाळांना कुणी विचारीना, पण पहारी, फावडी, घमेली खपत होती. त्यामुळे काकांना पहिल्यांदाच आयकराचं विवरणपत्र भरावं लागलं. मी तेव्हा करांची कामं करणाऱ्या एका वकिलांकडे कारकून होतो. काकांना तिथंच घेऊन गेलो. नाव, पत्ता झाला आणि ‘दर्जा’ या रकान्याशी गाडी अडली. व्यक्ती, की अविभक्त हिंदू कुटुंब?

“कमावणारे तुम्ही एकटे,” वकीलसाहेब म्हणाले. “व्यक्ती लिहा आणि मोकळे व्हा. दुकान वडिलार्जित आहे, तेव्हा कुटुंबही लिहिता येईल, कर थोडा वाचेल. पण आयकराचे साहेब बोलावून घेतील, नाही नाही ते विचारतील. शिवाय दुकान कुटुंबाचं ठरलं, की एकट्याच्या मर्जीनं ते कुणाला देऊन टाकता यायचं नाही.”

“एकट्याच्या मर्जीनं आमी आजवर काय दिलंय?” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “भाचेबुवा, ल्ह्या कुटुंब.”

मी थक्कच झालो. जन्मात पहिल्यांदाच ते घरी न विचारता काहीतरी ठरवत होते.

व्हायचं तेच झालं. साहेबांचं बोलावणं आलं. काका मावशीला नवं लुगडं नेसायला लावून बरोबर घेऊन आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसवून आमच्याबरोबर आत शिरले.

“मुलंबाळं?” साहेबांनी विचारलं.

“न्हाईत.”

“भाऊ?”

“येगळे झाले.”

“मग तुमच्या या कुटुंबात आहे तरी कोण?”

“कुटुंब बाहेर बसलंय साहेब. बोलवू का?”

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. साहेबांना मात्र हसू आवरेना. मावशी आत आली. एकच खुर्ची रिकामी होती. काकांनी तिच्यावर मावशीला बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. “साहेब,” ते म्हणाले, “आमी टायफॉईडनं तीन म्हैने पडून हुतो. गल्ल्यावर ह्या बसल्या. तवा दुकानावर खिळ्याची बी तूट आली न्हाई. कागदावर कमावणारा येक दिसतो, पर तसं न्हाई.”

“बाई, तुम्हाला काही सांगायचंय?”

“मला कशाला आणलंय, तेच ह्यांनी सांगितलं न्हाई,” मावशी म्हणाली.

वकीलसाहेबांनी वाटणीपत्र पुढे केलं. साहेबांनी ते सावकाश वाचलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

आता दोघंही नाहीत. पण टपालानं निकाल आला ती दुपार मला अजून दिसते. इंग्रजी कागद काकांनी माझ्या हातात दिला, मावशीला बाहेर बोलावलं आणि स्वतः पाठमोरे होऊन खिळे निवडत बसले. मी मराठीत अर्थ सांगितला: करदाता आणि त्यांची पत्नी या दोघांचं मिळून एक कुटुंब आहे, हे मान्य करण्यात येत आहे.

दर हळदीकुंकवाला, दर बारशाला जिला बायका “अजून काहीच नाही का गं?” असं विचारत आल्या होत्या, ती मावशी पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यावर टेकली.

“सरकारनं ल्हिलंय?”

“हो.”

“शिक्का हाय?”

“आहे.”

“परत वाच बरं.”

मी परत वाचलं. खिळ्यांकडून घोगरा आवाज आला, “भाचेबुवा, अजून येकदा. आमाला नीट ऐकू आलं न्हाई.”

मी तिसऱ्यांदा वाचलं, अगदी सावकाश.