प्लुटो आणि एका शिक्षकाची हळहळ

काही गोष्टी माणूस सरणापर्यंत सोबत नेतो, असं म्हणतात. ही तशातली. आजवर कोणालाही सांगितलेली नाही — बायकोला नाही, मित्रांना नाही. खरं सांगायचं तर कोणी विचारलंही नाही. प्लुटोबद्दल नळदुर्गात कोण कोणाला काय विचारणार?

दोन हजार सहाचा ऑगस्ट. प्लुटो यापुढं ग्रह नाही, बटुग्रह आहे, असं परदेशात शास्त्रज्ञांनी मतदान घेऊन ठरवलं. तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता, आता धाराशिव आहे. आम्ही जागचे हललो नाही; प्लुटोही आपल्या जुन्याच वाटेनं फिरत असावा.

स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ होता, शिवाय मी सोलापूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. पहिल्या धंद्यामुळं दुसरा सोपा जायचा. पासपोर्ट फोटोच्या कागदावर नऊ फोटो बसत. गिऱ्हाइकाला मी आठ द्यायचो, नववा पत्र्याच्या डब्यात. 'जनतेच्या प्रतिक्रिया' मागवल्या की डबा उघडायचा, चेहरा निवडायचा आणि त्याच्या तोंडी शोभेल ते लिहायचं. कोणी कधी तक्रार केली नाही. उलट कात्रण जपून ठेवायचे, आणि आठवड्याभरात आपण खरंच तसं बोललो असं त्यांना वाटू लागायचं. हे मला माहीत होतं — एवढं लक्षात ठेवा. पुढं लागेल.

प्लुटोच्या वेळी मात्र मी खरोखर फिरलो. ढाब्यावर एका ड्रायव्हरनं विचारलं, "आपल्या रोडला लागतो का त्यो?" माकणीहून आलेले एक पाटील म्हणाले, "पाऊस कमी हुणार हाय का त्येनं? न्हाय ना? मग ऱ्हाऊ द्या की." देवळातले काका म्हणाले, "आमच्या नवग्रहांत तो कधी नव्हताच. राहू-केतू धरून आमचे नऊ पुरे आहेत."

यापेक्षा चांगल्या प्रतिक्रिया देशात कुठं मिळाल्या असतील? पण सोलापूरहून उपसंपादकाचा फोन आला — "भावना नाही यात. हळहळ पाहिजे. एखाद्या शिक्षकाची हळहळ पाठवा."

कवठे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडं जायला दहा मिनिटं लागली असती. मी गेलो नाही — का? कारण ते हळहळणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पुस्तक चुकलं तर पुस्तकावर काट मारा, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की ते खूश होतील अशीच शक्यता. मला खूश माणूस नको होता. मी डबा उघडला, सरांचा फोटो काढला. "प्लुटो ग्रह होता, आहे आणि राहील. माझ्या वर्गात नऊच ग्रह शिकवले जातील" — लिहायला मिनिटही लागलं नाही. पाकीट एसटीनं गेलं. छापून झाल्यावर अंकांच्या गठ्ठ्याबरोबर फोटो परत आले.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एवढंच असतं तर मी कशाला सांगत बसलो असतो?

त्या दिवशी चहाच्या गाड्यावर पोरांनी "काय प्लुटो सर!" अशी हाक मारली. सर तडक माझ्याकडं आले. हातात अंकाची घडी. रागावले नव्हते. रागावले असते तर मी कदाचित —

असो.

"अरे, हे मी कधी बोललो?"

"काल सकाळी, सर. स्टँडवर."

"काल सकाळी तर मी वर्गात पोरांना प्लुटोवर काट मारायला लावली."

"त्याच्या आधी असेल. घाईत होता तुम्ही. हातात पिशवी होती."

पिशवी. पिशवीशिवाय सरांना कोणी पाहिलं नव्हतं. मला वाक्य सुचलं, मी बोललो.

सरांनी हातातल्या पिशवीकडं पाहिलं. "पिशवी होती का?" मग हळूच — "असेल."

सरांच्या वडिलांची स्मृती गेली होती. शेवटच्या वर्षांत ते पोटच्या मुलालाच विचारायचे, "मास्तर, कुणाकडं आलात?" हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं — पिशवी म्हणालो त्या क्षणी माहीत होतं. काउंटरपलीकडं सरांचा चेहरा उतरताना मी पाहिला, आणि कात्रीनं कोणाचे तरी फोटो कापत राहिलो.

त्यानंतर सरांच्या खिशात एक छोटी वही आली. कोणाशी बोलणं झालं की, "थांब, लिहून घेतो." लोक हसायचे. मीही हसलो आहे. दुसऱ्या वर्षी, नोकरीची चार वर्षं शिल्लक असताना, त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वर्गात नकळत काही चुकीचं बोलून जाईन, असं कारण सांगितलं म्हणे. आणि तोच माणूस स्टुडिओत आला की माझे दहावीचे विषयवार गुण तोंडपाठ म्हणून दाखवायचा! "बरोबर ना?" विचारायचा. बरोबर असायचे. तेव्हा सांगता आलं असतं. किती वेळा? मोजलं नाही.

सर गेल्या वर्षी गेले. तेराव्याच्या आधी त्यांची सून आली. हार घालायला फोटो हवा होता, घरात धड एकही नव्हता. "शेवटपर्यंत सगळं आठवत होतं हो त्यांना," ती म्हणाली. "तरी वही काही सुटली नाही." पिशवीतून तिनं सगळ्यांत जुनी वही काढून दाखवली. पहिल्या पानावर एकच नोंद — 'स्टँडवर प्लुटोविषयी बोललो. पिशवी होती. आठवत नाही.'

मी वही परत दिली. डबा उघडला. सरांचा फोटो होता. तो मोठा करून फ्रेममध्ये बसवून दिला. "डोळे किती जिवंत आलेत," सून म्हणाली. मी फ्रेम कागदात गुंडाळली.

लहान फोटो पुन्हा डब्यात ठेवला आहे. त्याच्या मागं पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात, लिहिलेलं आहे — 'प्लुटो. नाराज.'