काँक्रीट ओतायच्या आधीचा नारळ

आमच्या घराच्या फरशीत गरम पाण्याचे पाइप आहेत. इकडे जर्मनीत, रेगेन्सबर्गकडे, नवीन घरांत असतातच. आधी खाली थर्माकोलसारखे जाड तक्ते टाकायचे, त्यावर चकली पाडल्यासारखा पाइप गोल गोल फिरवायचा, प्लास्टिकच्या क्लिपांनी दाबत जायचा, मग पाइपात पाणी भरून प्रेशर द्यायचं आणि सगळ्यावर काँक्रीट ओतायचं. एकदा ओतलं की संपलं. आत पाइपाला भोक असलं तर फरशी फोडायची. हे आमच्या ह्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वर म्हणाले, "घाबरू नको."

ह्यांचं म्हणणं, इंजिनिअर आहे मी, पाइप आपणच टाकू. म्हणजे ते भेंडोळं सोडत पुढे जायचे आणि मी मागून गुडघ्यांवर रांगत क्लिपा मारायचे, बाळ कारच्या सीटमध्ये बांधलेलं, ते आमच्याकडे बघत बसायचं. मी बारावीला दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले, त्यामुळे कुणी बरोबर म्हटल्याशिवाय मला स्वतःचं काही बरोबर वाटतच नाही. हीटिंगवाला आला, त्याने पाणी भरलं, भिंतीवरच्या मीटरचा काटा दाखवला आणि म्हणाला, हा खाली आला म्हणजे कुठेतरी गळतंय. मग तो गेला. मी मात्र काट्याचा फोटो काढून ठेवला, आणि भाकरी थापतानासुद्धा तो काढून काढून बघायचे.

काँक्रीट शनिवारी होतं. कंपनीने फोन केला, शनिवार नाही, उद्या गुरुवारी सकाळी. इकडे तेर्मिन, म्हणजे कामाची वेळ, मिळाला की नाही म्हणायचं नसतं. ह्यांना सुट्टी मिळेना. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे दुपारपर्यंत ते जिवंत आहेत की नाही तेसुद्धा कळत नाही. जाताना म्हणाले, "तू फक्त दार उघड. बाकी ते लोक करतात."

मी दार उघडलं. बरोबर बाळ आणि सासूबाई. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या आणि पिशवीत नारळ होता. तुर्की दुकानातले सगळे नारळ कानाशी हलवून त्यांनी तो निवडला होता, दुकानदार शेवटी लांब जाऊन उभा राहिला होता.

"अगं, स्लॅब पडायच्या आधी नारळ फुटायला हवा," त्या म्हणाल्या. "देवघराच्या जागी."

"आई, बाहेर पायरीवर फोडूया ना. आत पाइप आहेत."

"देवघर काय पायरीवर आहे का?"

मग पुढचा प्रश्न आला. आमच्यात बाईने नारळ फोडायचा नसतो. सासूबाईंनी आधी बाळाकडे बघितलं. ते पुरुष होतं, पण आठ महिन्यांचं. मग त्यांनी तोवर आत आलेल्या काँक्रीट कंपनीच्या मुकादमाकडे बघितलं. मोठा दांडगा माणूस, पांढऱ्या मिशा, हातात लेव्हल तपासायची पट्टी. घरात तेवढाच एक पुरुष होता.

"त्या भाऊंना सांग."

"आई, ते कामाला आलेत."

"हेही कामच आहे. सांग."

माझं जर्मन म्हणजे डॉक्टरकडचं आणि दुकानातलं. मी नारळ त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, फ्युअर गॉट, बिटे कापुट. म्हणजे देवासाठी, फोडा. तो म्हणाला, "कापुट? इथे?" सासूबाईंनी कोपऱ्याकडे बोट केलं. त्यांना म्हणायचं होतं की त्या कोपऱ्यात हातात धरून, आपण धरतो तसा, वरून ठोकायचा. पण हे त्याला कसं माहीत असणार? त्याने नारळ खाली ठेवला, पाइपांच्या मधोमध, कमरेचा हातोडा काढला आणि घातला.

एका घावात फुटला. सासूबाई म्हणाल्या, "चांगला फुटला."

मी मात्र बघतेय, करवंट्या उडाल्या, पाणी चारी बाजूंनी पाइपांखाली गेलं, आणि हातोड्याचा घाव नारळावर बसला की पाइपावर, ते मला दिसलं नव्हतं, कारण घाव पडताना मी डोळे मिटले होते. मी मीटरकडे पळाले, बाळ कडेवर. फोटोतला काटा आणि भिंतीवरचा काटा. भिंतीवरचा केसभर खाली होता.

"तो खाली आलाय," मी म्हटलं. मराठीत म्हटलं. मग जर्मनमध्ये म्हटलं.

मुकादम आला, बघितलं. "हे बघा, रात्री थंडी होती. पाणी थंड झालं की काटा उतरतो. असू शकतं."

"की हातोडा?"

त्याने कमरेच्या हातोड्याकडे बघितलं. "तेही असू शकतं."

बाहेर ट्रक आलेला, त्याचा ड्रम फिरतोय, ट्रकवाला एकदा हॉर्न वाजवून गेला. खाली सगळं ओलं, आणि त्यातलं नारळाचं कुठलं नि पाइपाचं कुठलं हे कळायला मार्ग नाही. मुकादम गुडघ्यावर बसला, पाइपाखालून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "झ्यूस," म्हणाला, म्हणजे गोड.

"शी! अगं, तो चाखतोय काय!" सासूबाई म्हणाल्या. "नैवेद्य व्हायचाय अजून."

गोड होतं, पण गोडाखाली साधं पाणी असलं तर? मी ह्यांना फोन लावला. लॉकर. परत लावला, परत लॉकर. मुकादम म्हणाला, "फ्राऊ, घर तुमचं. ओतायचं की ट्रक परत पाठवायचा? तो फार थांबणार नाही."

मला आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं. पडद्यांचा रंगसुद्धा ह्यांनी ठरवलेला. मला घाम फुटला, बाळाला कळलं आणि ते रडायला लागलं, तेव्हा सवयीने मी त्याच्या खाली हात घालून बघितला, ओलं आहे का. कोरडं होतं. आणि तसाच हात मी पिशवीत घातला, सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून आणली होती, ती सगळी काढली. एकाने सगळं टिपून घेतलं, बाकीची पाइपांखाली, पाइपांवर, घाव पडला त्या जागी दाबून पसरली. गळत असेल तर परत ओली होतील. बाळाची होतात तशी.

"थांबा," मी म्हटलं. "वार्टेन."

"किती?"

"मी सांगेन तोवर."

तो बाहेर जाऊन ट्रकवाल्याशी बोलला. तिकडून ओरडण्याचा आवाज आला, इकडून शांत आवाज. सासूबाईंनी खोबरं गोळा केलं, चपला बाहेर काढून, मोज्यांवर, एकेक तुकडा उचलत. हात जोडून झाल्यावर आत आलेल्या मुकादमाला पहिला तुकडा दिला. "घ्या, आता खा." तो खात खात मीटरसमोर उभा राहिला. मी दुपट्यांसमोर.

मग मी एकेक उचललं. गालाला लावून बघितलं, कारण हाताला घाम होता. एक कोरडं. दुसरं कोरडं. घावाच्या जागचं मी शेवटी उचललं आणि बराच वेळ गालालाच धरून ठेवलं. कोरडं. काटा होता तिथेच, केसभर खाली, त्याच्या खाली नाही.

"ओता," मी म्हटलं.

"गेनाऊ," मुकादम म्हणाला, म्हणजे बरोबर, आणि ट्रकचा काँक्रीटचा जाड पाइप आत ओढायला गेला. राखाडी पातळ काँक्रीट आलं, पिठल्यासारखं पसरत गेलं, आणि माझ्या क्लिपा, चकल्या, देवघराचा कोपरा, सगळं त्याखाली गेलं. मला वाटलं आता ओरडून थांबवावं. नाही थांबवलं.

दुपारी हे थेट कारखान्यातून आले. दारातून फरशी बघितली. मी सगळं सांगितलं, हातोडा, दुपटी, काटा, एका दमात. ते म्हणाले, "मग ओता म्हणून सांगितलं कोणी?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दारातूनच आत वाकून काटा बघितला. तो होता तिथेच होता.