एका दिवसात सोडणारी आत्या

आत्याला कुठलीही गोष्ट हळूहळू सोडता येत नसे. मिशरी एका सकाळी सुटली. डबी ओढ्यात भिरकावली आणि परत दातांना बोट लावलं नाही. एका जमीनवाल्याने भाताच्या आवणीला, लावणीला, आलेल्या बायांची मजुरी कापली, तेव्हा हातातली रोपं चिखलात ठेवून ती बांधावर चढली. तिच्यामागून सगळ्या चढल्या. "सोडायचा तर आज. उद्या सोडनारा काय सोडीत नाय," असं ती म्हणायची.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. मुरबाडकडच्या एका पाड्यावर राहायची. मजुरांच्या संघटनेची पत्रकं घेऊन माझे वडील तिच्याकडे जायचे, बरोबर मी. तिला वाचता येत नव्हतं. वडील एकदा वाचून दाखवायचे आणि ती ते पाड्यापाड्यावर बोलायची, छापलेल्यापेक्षा धारदार.

आवणीच्या दिवसांत त्या पाड्यावर एक रीत पडली होती. मोटारसायकलवर एक 'डाक्टर' यायचा. त्याच्याकडून बाया पुड्या घ्यायच्या आणि शेतात वाकण्याआधी चहाबरोबर एकेक पुडी तोंडात टाकायच्या. कंबर दुखायची थांबे, अंगात जोर येई. आवणी संपली की बाकीच्या थांबायच्या. आत्याचे गुडघे थांबू देत नव्हते. काही वर्षांत तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र काटक्या. जरा लागलं तरी कातडी काळीनिळी व्हायची. बाया चिडवायच्या, "आत्या, वीटभट्टीवर तूप वाढतात काय गो?" ती गाल फुगवून म्हणायची, "जळा, जळा!"

पायाची जखम भरेना, म्हणून मी तिला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पुडी पाहिली, तिचा चेहरा पाहिला.

"मावशी, यात स्टेरॉइड असणार. पण एकदम बंद करू नका. मी गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करू."

आत्या पेटली. "इतकी वर्सा फसवला मला? आनि इखाला कोन हळूहळू सोडतंय?" घरी येऊन तिने पुड्या चुलीत घातल्या, त्यावर गोळ्याही. पाड्याने तिचं कौतुक केलं.

आठवड्याच्या आत ती उठेनाशी झाली. उलट्या, लटपटते पाय, हाताला न लागणारी नाडी. जीपमधून शहापूरला नेलं. सलाइन लावलं आणि तेच औषध सुईतून दिलं, तेव्हा तिने डोळे उघडले.

डॉक्टरीणबाई खाटेवर बसल्या. "मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, मावशी. त्या कॉर्टिसोल नावाचा रस करतात. सकाळी उठायला, ताप आला, जखम झाली तर तग धरायला तो लागतो. तुम्ही पुडीतून तसंच औषध घेत राहिलात, मग त्यांनी काम सोडलं."

"संपावर गेल्या म्हना."

"झोपल्यात. हाक मारून उठणाऱ्या नाहीत, वेळ लागेल."

"म्हंजे माझा इख मलाच थोडा थोडा देनार तुमी?"

"औषधच आहे ते. न सांगता विकलं, तो गुन्हा."

 आत्याने गोळीसाठी हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा ती एखादी गोष्ट थोडी थोडी सोडू लागली, आणि त्याचीच तिला लाज वाटे. तरी पाड्यापाड्यावर हिंडून सांगत राहिली, "पुडी घेऊ नका. घेत असाल तर माझ्यासारखी टाकू नका गो, आदी दवाखान्यात चला." कितीतरी बायांना तिने स्वतः शहापूरला आणलं. तिचा आवाज पूर्वीइतका चढत नसे. बाया मात्र जवळ येऊन ऐकत.

भात झोडून झालं आणि पाडा मजुरीला वीटभट्टीवर गेला. तिथे तिला ताप भरला. तापात गोळी वाढवायची, उलटी झाली तर लगेच दवाखाना गाठायचा, हे तिला पाठ होतं. गोळी पोटात टिकेना. ती सुनेला सांगत होती, "सुई लागंल मला, गाडी बघ." मालकाची गाडी दारात उभी होती. तो म्हणाला, "माल उतरला की बघू." ताप चढला की धडधाकट माणसाचं शरीर तो रस आपणहून वाढवतं. आत्याच्या ग्रंथी अजून जाग्या झाल्या नव्हत्या. गाडी मिळाली तेव्हा उशीर झाला होता.

मालकाला विचारलं तर म्हणतो, म्हातारी तापाने गेली. ताप त्या आठवड्यात भट्टीवर सगळ्यांनाच आला होता, गेली ती एकटीच.