बिनबाह्यांचा कुर्ता

सुईत दोरा ओवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळीही मी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, मशीनच्या सुईतून पलीकडे काढलं आणि पिवळ्या कापडाचं एक टोक धरून निर्मलेसमोर उभा राहिलो. माघ सरत आला होता. शाहपुऱ्याच्या तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या शेवाळाचा वास होता, आणि गॅलरीच्या जाळीतून आत आलेलं तिरपं ऊन त्या कापडावर पडून असं काही गडद झालं होतं, की तिच्या हनुवटीला हळद लागल्यासारखं दिसत होतं. "अहो, ताणू नका. नुसतं धरा," ती म्हणाली. मी नुसतं धरलं. तिनं खडूनं रेघ मारली, कात्री चालवली, मग मशीनचं चाक फिरू लागलं आणि त्या एकसुरी घरघरीत संध्याकाळ हळूहळू काळवंडत गेली. बाह्या लावून झाल्यावर तिनं दोरा दातांनी तोडला, कुर्ता दाराजवळच्या खुंटीवर टांगला, आणि आम्ही मुगाची खिचडी खाल्ली. पहाटे मी चहा ठेवून तिला हाक मारली. ती उठली नाही.

कुर्ता जुईचा. जुई आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते. तिचे वडील नागपूरहून बदलीवर भोपाळला आले, आई शाळेत शिकवते, आणि दोघं घरी यायच्या आत ही पोर शाळेतून परतायची, म्हणून वर्षानुवर्षं ती आमच्याकडेच बसली. निर्मलेचा बटणांचा डबा उपडा करायचा आणि रंगारंगांचे ढीग लावायचे, हा तिचा खेळ. आम्हाला मूलबाळ नाही; तिनं 'आजी' आणि 'आबा' अशा हाका मारल्या आणि आम्ही त्या कुणाला न विचारता आपल्या म्हणून ठेवून घेतल्या. गेल्या दिवाळीच्या सुमाराला ती सतराची झाली, तेव्हा निर्मलेनं तिला विचारलं, कसा शिवू? "बिनबाह्यांचा," जुई म्हणाली, "और थोडा ढीला, आजी. सायकल चालवता आली पाहिजे." तो कुर्ता घालून ती जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली, आणि तिच्या मोकळ्या खांद्यांवरून शरदाचं ऊन असं ओघळलं, जसं ते लहान मुलांच्या आणि झाडांच्या अंगावरून ओघळतं, कुणाची परवानगी न मागता.

मग कपडे परत येऊ लागले.

आधी एका कुर्त्याचे बाजूचे कट खाली घ्यायचे होते. मग एकाचा गळा वर घ्यायचा होता. मग एका आखूड टॉपला खालून पट्टी लावायची होती. दर वेळी कारण तयार असायचं: थंडी वाजते, फॅशन अशीच आहे, आई ओरडते. मी तिच्या आईला जिन्यात गाठून विचारलं, तर ती म्हणाली, मी कशाला ओरडू? शेवटी पिवळा कुर्ता आला. "पूर्ण बाह्या, आजी. मनगटापर्यंत." हे सांगताना पोरगी निर्मलेकडे बघत नव्हती, खिडकीतून खाली बघत होती. खाली फाटकाशी मोटरसायकल उभी होती.

त्या मुलाचं नाव निखिल. कोचिंगमध्ये तिच्या एक वर्ष पुढे. वाकून नमस्कार करतो, गोड बोलतो, मलाही 'आबा' म्हणतो. मला त्याच्या हॉर्नचा राग यायचा. दोन आखूड भोंगे, आणि इथे आमच्या घरात चहात अर्धा बुडवलेला टोस्ट तसाच गळत ठेवून ही पोर उभी राहायची. त्याला सारखं कळावं लागायचं ती कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हसण्याचा आवाज कुणाचा आला. एकदा आमच्याकडे बसलेली असताना ती म्हणाली, "आजी, आबा, इकडे बघा ना, फोटो काढते." निर्मलेनं पदर सारखा केला, मी विरळ केसांवरून हात फिरवला, दोघं मशीनशेजारी ऐटीत बसलो. आम्हाला वाटलं, पोरीला आठवण हवी आहे. तो फोटो तिनं तिथल्या तिथे त्याला पाठवला, कारण त्यानं पुरावा मागितला होता. पुढे निर्मला गेल्यावर घरात तिचा धड फोटो सापडेना, तेव्हा त्यातलाच अर्धा कापून मोठा केला आणि हार घातला. माझ्या बायकोचं भिंतीवरचं ते हसू एका संशयी पोराला हजेरी देण्यासाठी होतं, हे मला रोज सकाळी दिवा लावताना आठवतं, आणि हातातली काडी विझेपर्यंत मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालतो.

जुईच्या आईला ते प्रेम वाटायचं. "काळजी करतो हो तो, आबा. कोचिंगला सोडतो, आणतो. आजकाल कोण करतं एवढं?" शिकलेली बाई, मी काय बोलणार, मी आठवीत शाळा सोडली आणि उभा जन्म गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात लोखंड घासलं. पण तिथे लोखंड पकडून ठेवणारा एक शिकंजा होता. तो लोखंडाला झडप घालून धरत नाही. दांडी थोडी फिरवायची, मग थोडी आणखी, एकेका आट्यानं त्याचे जबडे जवळ येत जातात आणि लोखंड जागच्या जागी असतं, तक्रार करायला काही घडलेलंच नसतं. मग एका क्षणी ते हलत नाही. आज कट, उद्या गळा, परवा मैत्रीण सोडायची, तेरवा सायकल. जुईची सायकल जिन्याखाली उभी होती, तिच्या सीटवर धूळ बसली होती, आणि त्या धुळीवर कुणी साधं बोटही फिरवलं नव्हतं. याला प्रेम म्हणतात म्हणे. माझ्या तोंडात दुसरे शब्द येतात, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

आणि मी काही पोरापोरींनी एकमेकांकडे बघूच नये म्हणणारा म्हातारा नाही. मागच्या गल्लीतली रेणू आणि तिचा तो ताडासारखा मित्र, ज्याच्या बापाची करोंदच्या मंडीत धान्याची आडत आहे, ही जोडीही आमच्या दारात यायची. त्याची पँट दर थोड्या महिन्यांनी आखूड व्हायची आणि निर्मला तिची दुमड सोडून द्यायची. रेणू उंबऱ्यावर बसून शेंगा खात म्हणायची, "अजून वाढला तर पंख्याला डोकं आपटेल याचं." तो म्हणायचा, "आजी, ही म्हणते निळा शर्ट घालू नकोस. मी तर घालणार." "घाल की, पोस्टमन दिसतोस," ती म्हणायची. आणि तो तोच निळा शर्ट घालून यायचा, ती त्याला हसायची, तो तिच्या पुड्यातल्या शेंगा पळवायचा, आणि दोघं भांडत भांडत तलावाकडे निघून जायची. पुढे टिकतील की नाही कोण जाणे, त्या वयात टिकणं हीच काही मोठी गोष्ट नाही. पण त्यांच्यात कुणी बोलून झाल्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे घाबरून बघत नव्हतं. निर्मला पँट शिवता शिवता त्यांचं ऐकायची आणि तिचे खांदे हसण्यानं हलायचे, टाका वाकडा जायचा.

जुईच्या बाह्यांवरून मात्र आमचं वाजलं होतं. "नको लावूस," मी म्हणालो होतो. "तू लावत नाहीयेस, तो लावतोय. कात्री फक्त तुझ्या हातात आहे." निर्मलेनं उरलेल्या तुकड्यांचं गाठोडं सोडलं, त्यातून त्याच पिवळ्या कापडाचा राहिलेला तुकडा काढला, मांडीवर पसरला. पूर्ण बाहीला तो पुरत नव्हता, कोपराखाली जोड द्यावा लागणार होता. "मी नाही म्हटलं तर दुसरीकडे जाऊन लावून घेईल," ती म्हणाली, "आणि मग इथे यायचीसुद्धा नाही. येतेय तोवर येऊ द्या." हे तिचं उत्तर. मला तेव्हा पटलं नाही. ती गेली, वाद तसाच राहिला, आणि मेलेल्या माणसांशी वाद घालण्यासारखा जाच नाही; ती आपलं शेवटचं वाक्य सोडत नाहीत.

निर्मला दिवसभर दार नुसतं लोटलेलं ठेवायची. मी कडी लावू लागलो. तेरावा झाला, माणसं पांगली, आणि घरात मशीनच्या तेलाचा वास, नव्या कापडाच्या खळीचा वास उरला. खुंटीवरचा कुर्ता मी हलवला नाही. येता-जाता त्याच्या बाहीवरून, त्या कोपराखालच्या जोडावरून हात फिरवायचो. तिनं या जगात घातलेला शेवटचा टाका त्यात होता. ज्या बाह्यांचा मला संताप होता त्यांनाच मी कुरवाळत होतो, आणि याची मला लाज नव्हती.

चैत्रातल्या एका संध्याकाळी, कडुनिंबाचा मोहोर जिन्यापर्यंत झडून सगळीकडे त्याचा कडसर गोड वास दाटला असताना, जुईनं कडी वाजवली. आत येऊन ती निर्मलेच्या स्टुलावर बसली. मनगटावर निळसर वळ होता. तलावाच्या कट्ट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तिनं फोन उघडून दाखवला नाही म्हणून निखिलनं हात पिरगाळला होता. "आईला सांगितलं आज सगळं," ती म्हणाली. "आई रडली. बाबा त्याच्या घरी जाणार आहेत." काठी कुठे ठेवलीये, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. दोन आखूड भोंगे.

मी त्या पोरीचं अंग पाहिलं. मन नव्हे, अंग. ते उठलं. गुडघे सरळ झाले, हात ओढणीकडे गेला, डोळे खिडकीकडे. मग ती मध्येच थांबली, स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि पुन्हा बसली. हॉर्न आणखी एकदा वाजला, मग मोटरसायकल गेली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"आबा, माझा पिवळा कुर्ता," ती म्हणाली. "त्याच्या बाह्या काढून द्याल? आजीनं पहिल्यांदा दिला होता ना, वैसाच हवाय."

मी नाही म्हणालो. विचार न करता, तोडून. "तिच्या हातची शेवटची शिवण आहे ती. उसवायची नाही. दुसरा घे, शंभर घे. हा आहे तसा राहील."

रडली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे तुम्हीपण ठरवणार," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कुर्ता माझा आहे, आबा."

ती गेली. मी पावलं ऐकली. वर गेली, खाली नाही. एवढं ऐकलं आणि कडी लावली, आणि मग मला तिचा राग आला, त्याचा आला, बदलीवर आलेल्या त्या आई-बापाचा आला, आणि सगळ्यांत जास्त भिंतीवरच्या हाराआडून हसणाऱ्या बाईचा. कुणाच्या तरी भीतीला मनगटापर्यंत शिवून, त्यातच आपला शेवटचा टाका अडकवून, ती मला एकट्याला इथे सोडून गेली होती.

सकाळी अंघोळ करून मी खुंटीवरचा कुर्ता काढला, ब्लेडचं अर्धं पातं घेतलं आणि जाळीतल्या उन्हात बसलो. वाटलं होतं, दोरा ओढला की बाही सुटेल. सुटेना. तिनं मुंढ्याला, बाही खांद्याला जोडते तिथे, दुहेरी शिवण घातली होती, बारीक, घट्ट. जी बाही लागूच नये असं तिलाही वाटत होतं, तीसुद्धा तिला कच्ची शिवता आली नव्हती. समोरून कापड धरायला कुणी नव्हतं. गुडघ्यांत दाबून मी ओढू लागलो, तसं ते विरायला आलं. मग ओढणं सोडलं. नुसतं धरलं. तेव्हा टाका आपण होऊन किंचित वर येऊ लागला, पात्याला दिसू लागला, आणि मी एक एक तोडत गेलो. डोळ्यांतलं पाणी कापडावर पडलं, ते पुसलं नाही. इस्त्रीला पाणी लागतंच.

दोन्ही बाह्या सुटल्या, तेव्हा मुंढ्याभोवती बारीक भोकांची एक रांग राहिली. इस्त्री फिरवली. थोडी मिटली, थोडी नाही. मग मी कुर्ता घेऊन गॅलरीत गेलो. तो फाटकाच्या बाजूच्या दोरीवर टांगावा, त्याचे ते उघडे पिवळे खांदे दिवसभर वाऱ्यावर हलावेत आणि खाली येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलला दिसावेत, असं मला फार वाटलं. चिमटा हातात घेतलासुद्धा. पण तो कुर्ता माझा नव्हता. मी आत आलो आणि तो दाराजवळच्या खुंटीवर, शिवून झालेले कपडे ती जिथे लावायची तिथे, लावला. बाह्या घडी करून तुकड्यांच्या गाठोड्यात परत ठेवल्या.

मग दाराची कडी काढली आणि दार नुसतं लोटून ठेवलं.

खाली कुठेतरी हॉर्न वाजला. दूधवाल्याचा असेल, त्याचा असेल, मी उठून पाहिलं नाही. वरच्या मजल्यावर दार उघडलं आणि पावलं जिना उतरू लागली. मी निर्मलेच्या स्टुलावर बसलो होतो. दोऱ्याचं टोक कधी हातात घेतलं आणि ओठांत धरून ओलं केलं, ते मला कळलं नव्हतं.