पूजेतले एक काडतूस

त्या दुपारच्या केसने अजून माझी पाठ सोडलेली नाही. कॅनडातल्या मिसिसागाच्या विमानतळावर मी तेव्हा पोलीस सार्जंट होतो. पानगळ सुरू झाली की शिकारी बंदुका घेऊन निघतात. बंदूक रिकामी हवी, पेटीला कुलूप हवे, काडतुसे वेगळी आणि नोंदवलेली हवीत. वाटेत विमान बदलायचे असेल तर मधल्या देशाचीही परवानगी लागते. आमचे हे रोजचेच काम.

चेक-इन काउंटरवरून फोन आला. सत्तरीचा एक भारतीय गृहस्थ, एकटा, नॉर्वेला निघालेला, परतीचे तिकीट नाही. फॉर्मवर काडतुसे नसल्याचे लिहिलेले, आणि पेटीत रायफलीशेजारी एक जिवंत काडतूस. त्यावर कसली तरी लालपिवळी पूड.

मी पेटी उघडली आणि पूड बघताक्षणी ओळखली. हळदकुंकू. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. माझे वडीलही पोलिसात होते, त्या दिवशी ते शस्त्राची पूजा चुकवत नसत. पण माझी ओळख हा पुरावा नव्हे. पूड तपासणीला पाठवली आणि गृहस्थांना चौकशीच्या खोलीत नेले.

मला काळजी वेगळीच होती. एकटा म्हातारा माणूस, एकेरी तिकीट, एकच काडतूस. अशा माणसांच्या घरी मी नोकरीत दोनदा उशिरा पोचलो होतो, त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतल्यावर.

प्रश्न मी इंग्रजीत विचारले. नागपूरचे इंजिनिअर, आता मिल्टनमध्ये राहतात. पत्नी मार्चमध्ये गेली. मुलगा व्हँकुव्हरला, रविवारी फोन करतो. रायफल मूळची कारखान्यातल्या एका नॉर्वेजियन मित्राची. त्यानेच यांना शिकार शिकवली आणि मायदेशी परतताना ती यांना देऊन गेला. आता तो हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होता. एकदा ती रायफल हातात घ्यायची, एवढे एकच त्याने मागितले होते. परतीचे तिकीट त्याची तब्येत बघून काढणार होते. गृहस्थ सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. काडतुसाचा विषय काढला की मात्र विमानाचीच वेळ विचारत.

तासाभराने मी मराठीवर आलो.

"काका, खरं सांगा. हे एकच काडतूस कुणासाठी ठेवलंत?"

ते दचकले. मग काडतुसाकडे बघत म्हणाले, "कुणासाठी नाही हो. दरवर्षी पूजेत एक ठेवतो. पूजा झाली की ते उचलायचं काम तिचं होतं. यंदा मी तसंच पॅक केलं आणि निघालो."

मी मुलाला फोन लावला. आई काडतूस उचलून डब्यात ठेवायची, हे त्यालाही आठवत होते. तपासणीतही पूड हळदकुंकूच निघाली. तोवर विमान गेले होते, आणि मधल्या देशाची परवानगी फक्त त्याच दिवसाची होती. काका दुसऱ्या दिवशी रायफलीविना गेले. ती आमच्या ताब्यात राहिली.

तीन आठवड्यांनी ते पावती घेऊन आले. मित्र भेटला का, असे मी विचारले.

"एक दिवस उशीर झाला," ते म्हणाले. "तुम्ही तुमची ड्यूटी केलीत."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. माझ्या फाइलमध्ये आजही कुणाला चूक सापडणार नाही. मला सापडते. कुंकू मी पहिल्याच मिनिटाला ओळखले होते. मग तासभर इंग्रजी का झाडत बसलो? खोलीबाहेर सहकारी होते. आपल्या माणसाला सांभाळतोय, असे त्यांना वाटू नये म्हणून. तो एक तास काकांच्या विमानाचा होता. नियम पाळायला मला नोकरीने शिकवले. समोरच्याशी त्याच्या भाषेत बोलायला लाजू नये, हे त्या केसने शिकवले, आणि फार उशिरा शिकवले.

आता मीही निवृत्त आहे, घरी एकटाच असतो. दर खंडेनवमीला मिल्टनला जातो. काका पाटावर रायफल ठेवतात, हळदकुंकू वाहतात, शेजारी एक काडतूस ठेवतात. पूजा झाली की ते काडतूस मी उचलतो, डब्यात ठेवतो, आणि मगच आम्ही जेवायला बसतो.