अकरानंतरच्या मुली

सकाळी आठ ते दुपारी एक, एवढ्या वेळात माझी उंची एकदा चांगली दीड सेंटिमीटर कमी झाली. वय वाढलं की बायका आखडतात हे ऐकून होते, पण इतक्या घाईनं?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शहरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. छावणीच्या बाजूच्या मैदानावर केंद्राच्या एका सुरक्षा दलाची भरती होती. मुलींची उंची मोजताना बाहेरची एक महिला साक्षीदार हवी, असं पत्र शाळेत आलं आणि मुख्याध्यापकांनी ते न वाचताच माझ्या टेबलावर ठेवलं. काम सोपं होतं. मुलीनं भिंतीवरच्या पट्टीखाली उभं राहायचं, दलातल्या हवालदार बाईनं आकडा मोठ्यानं वाचायचा, कारकुनानं तो शीटवर लिहायचा आणि त्या ओळीपुढं मी सही करायची. सगळं नियमानं झालं, असं ती सही सांगणार.

माझ्या हाती एवढी सत्ता पूर्वी कधी आली नव्हती. इस्त्रीची साडी नेसून, गळ्यात शिट्टी अडकवून मी पोचले. शिट्टीचं तिथं काही काम नव्हतं. पहिली मुलगी येण्याआधी मीच चपला काढून पट्टीखाली उभी राहिले आणि म्हटलं, "पहले मुझे भर्ती करो."

हवालदार बाई उत्तरेकडची, माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि हसायला मोकळी. "एक सौ साठ," तिनं जाहीर केलं. "वजन भी कर लूँ, मॅडम?"

"वजन रहने दो. सरकारी काटा है, टूट जाएगा."

कारकुनानं हसत हसत माझा आकडा कच्च्या कागदावर लिहिला. मग मुली येऊ लागल्या.

अकराच्या सुमारास दिल्लीचे मोठे साहेब आले. भरतीची मापं काटेकोर घेतात का, पुढं प्रशिक्षण नियमाप्रमाणे होतं का, हे गावोगाव फिरून तपासणारे. ते येताच मैदानावर धावपळ उडाली. शामियाना, खुर्च्या, मोसंबीचा रस. स्वागताला चार स्थानिक चेहरे दिसावेत म्हणून मलाही नेऊन बसवलं. पंधरा मिनिटं मी टाळ्या वाजवत होते. त्या वेळात मोजणीच्या जागी काय झालं, ते मी पाहिलं नाही. चूक माझी, ती आधीच कबूल करून टाकते.

परत आले आणि मोजणी पुढं सुरू झाली. आता मुली भराभर बाद होऊ लागल्या. अर्धा सेंटिमीटर कमी, एक कमी, पाव कमी. बाद झालेलीला चिठ्ठी मिळे आणि ती फाटकाबाहेर जाई. मला खटकलं का? थोडं खटकलं. तरी मी सह्या करत राहिले.

एकच्या सुमाराला पैठणच्या पलीकडच्या गावातली एक मुलगी आली. काटक, उन्हानं रापलेली, चपला हातात. तिची उंची अर्धा सेंटिमीटर कमी भरली. चिठ्ठी पुढं केली, तर तिनं हात मागं घेतला.

"मी नाय घेणार."

"अगं, उंची भरत नाही तुझी," मी म्हणाले.

"भरती बाई. शाळेत मोजली, दवाखान्यात मोजली, तालुक्याच्या अकॅडमीत मोजली. तीन ठिकाणी सारखीच आली. इथंच कशी कमी व्हईल?"

"मागच्या वर्षी मोजली असशील."

"परवा मोजली. परवापासून काय झिजले का मी?" मग आवाज उतरवून म्हणाली, "बाई, पुढल्या महिन्यात वय संपतंय माझं. बाप म्हणतो, ह्या बारीला झालं तर झालं, नायतर गप मेंढरामागं चल. मी इथून हलणार नाय. उचलून न्या."

हवालदार बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. मग मी पुन्हा चपला काढल्या.

"अब मेरी हाइट लो."

पट्टीचा ठोकळा डोक्यावर टेकला. हवालदार बाई आकडा वाचायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. "एक सौ अट्ठावन... पाँच."

"सुबह एक सौ साठ थी. नाश्ते में पोहे खाए थे मैंने, ज़हर नहीं!"

हसलं कुणीच नाही. मी खाली बसले, साडी सावरत, आणि पट्टीचा शून्य जिथं होता तिथं बोट घातलं. शून्य आणि फरशी यांच्या मधल्या फटीत माझं बोट आरामात शिरलं. सकाळी तिथं फट नव्हती. सकाळी तिथं रबराची जाड काळी मॅट होती आणि मॅटवर उभं राहिलं की शून्य बरोबर टाचेला लागे. पट्टी तिच्याच मापानं भिंतीला ठोकलेली होती.

मॅट कुठं गेली, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मान वळवली. शामियान्यातली जमीन ओबडधोबड होती. साहेबांची खुर्ची डुगडुगू नये म्हणून कुणीतरी चलाख माणसानं मॅट उचलून तिच्याखाली अंथरली होती. भरतीची मापं तपासायला आलेले साहेब मापावरच बूट ठेवून मोसंबीचा रस पीत होते.

इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. रागही होता, पण आनंद जास्त होता. मुलीचा हात धरला आणि शामियान्यात शिरले.

"सर, ज़रा उठिए. आप सबूत पर बैठे हैं."

साहेब सभ्य होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आप तो स्पोर्ट्स टीचर हैं. दोपहर तक हर आदमी की हाइट थोड़ी कम होती ही है."

हे खरं आहे. मीच मुलांना हे शिकवते. तेवढ्यात ती मुलगी मराठीतच म्हणाली, "माणूस कमी होतो ना साहेब? मग पट्टीखाली बोट कसं जातंय? पट्टी बी थकली का?"

साहेबांना किती कळलं कोण जाणे. पण ते उठले, भिंतीपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि स्वतःचं बोट त्या फटीत घालून पाहिलं. नंतर बराच वेळ रुमालानं बोट पुसत राहिले.

मॅट परत आली. मुलगी तिच्यावर उभी राहिली. हवालदार बाईनं आकडा दोनदा वाचला, दुसऱ्यांदा तर शामियान्यापर्यंत ऐकू जाईल असा. एक सेंटिमीटर जास्त! मला वाटलं, आता ही रडेल. तिनं विचारलं, "पळायचं कधी, बाई?"

"ठीक है, इसका हो गया," म्हणत साहेब वळले.

"और बाकी लड़कियाँ?" मी विचारलं. अकरानंतर बाद होऊन गेलेल्या एकोणीस जणी होत्या.

"वो जा चुकी हैं. ऐतराज़ उसी दिन करना होता है."

"दिन अभी बाकी है, सर. धूप देखिए. और साइन मेरी है." पेनाचं टोपण लावून मी पेन पर्समध्ये टाकलं. "उन उन्नीस पर जो दस्तख़त किए, सब काटती हूँ. फिर आपकी शीट आप सँभालिए."

आणि खरंच खोडल्या. एकेक, कारकुनाचीच फूटपट्टी धरून. कारकुनाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

अर्ध्या तासात कारकून, हवालदार बाई आणि मी तिघं फोनला लागलो. कुणी बसस्थानकावर होती, कुणी बसमध्ये चढली होती, एक जण वेरूळच्या रस्त्यावरून दुसऱ्याच्या मोटरसायकलवर परत आली. चारपर्यंत अठरा जणी मॅटवर उभ्या राहून गेल्या. बारा जणींची उंची भरली, सहा जणींची नाही. त्या अठरा ओळींवर मी नव्यानं सह्या केल्या. सहा जणींनी चिठ्ठ्या घेतल्या आणि गेल्या. त्यांतली एक जाता जाता म्हणाली, "आता कसं, बरोबर बाद झाले."

एकोणिसाव्या मुलीचा फोन बंद होता. सहा वाजले. साहेबांची गाडी तयार होती, शीट बंद व्हायची होती.

"एक ही तो है, मॅडम. साइन कर दीजिए."

मैदानावर ती पैठणकडची मुलगी शेवटच्या फेरीला होती, पुढून दुसरी. मी तिच्याकडं पाहत होते.

"नहीं करूँगी," मी म्हटलं.

त्या ओळीवर खोडलेली सही तशीच ठेवून शीट दिल्लीला गेली. नंतर मला खुलासा मागणारं पत्र आलं. मी कळवलं, त्या मुलीला बोलवा, मॅटवर उभी करा, पेन घेऊन मी हजर आहे.