उशी क्रमांक चार

तीन डिसेंबरला, बुधवारी, बस स्टँडच्या चौकशी खिडकीच्या आत एक पैज लागली, बेचाळीस रुपयांची. आकडा असा वेडावाकडा, कारण पैज लावणाऱ्या बाईच्या पर्समध्ये तेव्हा तेवढेच होते.

बाई म्हणजे स्टँडवर गाड्या पुकारणारी. पत्र्याची छोटी केबिन, समोर माइक, बाजूला खिडकी, आणि छपराला टांगलेले चार कर्णे. चालक-वाहक तिला भोंगाबाई म्हणत आणि तीही बिनदिक्कत ओ देई. आवाज खणखणीत, पण कानाला न टोचणारा. भाजीवाल्याशी घासाघीसही त्याच आवाजात चाले, त्यामुळे तो बिचारा गाडी चुकल्यासारखा घाईघाईने तोलायचा. नवऱ्याचं गाद्या-उशांचं दुकान होतं, स्टँडच्या मागच्याच गल्लीत, वर घर. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो बायकोचा आवाज ऐकत कापूस पिंजायचा. घरात ती फारशी बोलत नाही अशी त्याची तक्रार होती. "सगळं स्टँडवर संपवून येतेस," तो म्हणायचा. "मग तिकीट काढून या," ती म्हणायची.

केबिनमध्ये तिच्याशेजारी कंट्रोलर बसे. गाड्या आल्या-गेल्याच्या नोंदी तो करी, पुकारायचं ती. वयाने तिच्यापेक्षा मोठा, म्हणून ती त्याला दादा म्हणे. त्या बुधवारी ती चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "दादा, वीस वर्षं घसा फोडतेय, पण ऐकत कोणी नाही. नुसती घंटा ऐकतात आणि गर्दी पळेल तिकडे पळतात. मी काहीही बोलले तरी एकाच्याही लक्षात येणार नाही."

"येईल की. लोक काय बहिरे आहेत?"

"लावा पैज."

"लावली. हरेल त्याने पैसे द्यायचे आणि तोंडाने म्हणायचं, हरलो म्हणून. नुसते पैसे चालणार नाहीत. तुझं तोंड बंद झालेलं मला एकदा बघायचंय."

हे शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती नेहमीसारखीच होती. अकरा वाजून दहा मिनिटांची धरणाची गाडी तिने पुकारली, एक वाहक छत्री विसरला होता त्याला माइकवरून चार शब्द सुनावले, स्टँडभर हशा झाला. मग ती पाणी प्यायली. पाणी जरा हनुवटीवर सांडलं, ते तिने पदराने टिपलं. उजवा हात मुंग्या आल्यासारखा जड झाला होता. हातावर डोकं ठेवून बसल्यामुळे असेल, असं तिला वाटलं.

अकरा पस्तीसला खाणीची गाडी लागली. तिने घंटेचं बटण दाबलं आणि बोलली. बोलली ते बरोबरच, असं तिला वाटलं. पण कर्ण्यांतून आवाज एक क्षण उशिराने परत येई, आणि परत आला तो असा: "खाणीकडे जाणारी गाडी उशी क्रमांक चारवर लागत आहे."

तिने वर पाहिलं. कर्ण्यात कोणीतरी बसलंय आणि तिच्या आवाजात तिची नक्कल करतंय, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

बाहेर हसण्याची लाट उठली. चालकांच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "गादीवाल्याची जाहिरात फुकटात झाली." कंट्रोलर टेबलावर हात आपटून हसत होता. "अगं, पण लोकांनी ऐकलं की. हरलीस."

ती सांगायला गेली की दादा, हे मी नाही बोलले. तोंडातून आलं, "उशी."

"पुरे आता. पैज संपली."

तिने पुढची बंदराची गाडी पुकारली. या वेळी फलाट नव्हता, बंदर नव्हतं, उशीवर उशी रचल्यासारखं काहीतरी होतं. लोक पुन्हा हसले, पण कमी. तिसऱ्यांदा शब्द एकमेकांत चिकटले आणि कोणी हसलं नाही. दारू प्यालीय का, असं एक वाहक दुसऱ्याला म्हणाला. कंट्रोलर खाली मान घालून नोंदी करत राहिला. आता ती अति करतेय, असं त्याला वाटत होतं.

तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारी आली. खाणीकडे जायचं होतं आणि गाडी तर निघून गेली होती. ती कंट्रोलरकडे न बघता पुकारणाऱ्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

"अहो," ती कंट्रोलरला म्हणाली, "मला ऐकू येत नाही, म्हणून मी माणसाच्या तोंडाकडे बघते. या बाईचं तोंड वाकडं झालंय. बघा तरी एकदा."

कंट्रोलरने तेव्हा मान वर केली. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि तिला ती कळत नव्हती. "बाई, हस बघू," तो म्हणाला. अर्धं तोंड हसलं. अर्धं तिथेच राहिलं. "हात वर कर. दोन्ही." डावा वर गेला. उजवा थोडा उचलला आणि पाण्यात दगड बुडावा तसा खाली आला.

"अंगावरून वारं गेलं," सफाईवाली मावशी दारातून म्हणाली. "पंखा बंद करा, साखरेचं पाणी पाजा, पडू द्या जरा." कोणीतरी ग्लास आणलासुद्धा. म्हातारीने तो हाताने बाजूला सारला. "गिळता येत नाही तिला. ठसका लागून जाईल. दवाखान्याची गाडी बोलवा."

ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने फोनवरच लक्षणं विचारून घेतली होती आणि आल्या आल्या बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहिली. जवळचं रुग्णालय सोडून तो मोठ्याकडे निघाला, तिथे मेंदूचा फोटो लगेच निघतो म्हणून. वाटेतच त्याने तिकडे कळवलं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ती सगळं ऐकत होती. ऐकलेलं समजतही होतं, पण धुक्यातून गाडीचे दिवे दिसावेत तसं, जवळ आल्यावर.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई आली. तिने पेन पुढे धरलं. "मावशी, हे काय आहे?"

ते पेन होतं. तिला ठाऊक होतं. "उशी," ती म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

डॉक्टर बरोबर आलेल्या कंट्रोलरकडे वळली. "या शेवटच्या नीट कधी होत्या? सापडल्या कधी ते नको. शेवटचं चांगलं कधी पाहिलंत?"

"मघाशीच," तो म्हणाला. "आत्ताच."

"मघाशी म्हणजे किती? दादा, तेवढ्यावर औषध ठरतं. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यायचं, आणि लवकर तितकं चांगलं. चुकीची वेळ सांगितलीत तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल."

कंट्रोलर मनात वेळा जुळवू लागला. आपण हसलो ती वेळ सांगायची की मान वर केली ती? मग त्याला धरणाची गाडी आठवली. "अकरा दहाची गाडी हिने नीट पुकारली. छत्रीवरून वाहकाला झापलं. सगळं स्टँड साक्षीदार आहे. पस्तीसला..." तो थांबला. "पस्तीसला चुकली. आम्ही हसलो."

डॉक्टरने अकरा दहा लिहून घेतले. हसण्याबद्दल तिने काही विचारलं नाही.

फोटोत रक्तस्राव नव्हता. म्हणजे गुठळीच. पलंगातच वजनाचा काटा होता, त्यावरून औषधाचं माप ठरलं. पण रक्तदाब दोनशेच्या वर उभा होता आणि एकशे पंच्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हतं. आधी दाब उतरवायचं औषध शिरेतून गेलं. सगळे त्या आकड्याकडे, उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघावी तसे बघत होते.

नवरा धावत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर कापूस होता. डॉक्टरने त्याला एका दमात सांगितलं: दिलं तर बरं व्हायची शक्यता वाढते; शंभरात पाच-सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होतो; न दिलं तर जे गेलंय त्यातलं बरंच गेलेलंच राहील.

"तुमची बहीण असती तर?"

"दिलं असतं."

तरी त्याचं मन होईना. तो पलंगाकडे वाकला. "अगं, देऊ द्यायचं का त्यांना?"

तिला हो म्हणायचं होतं. आयुष्यात इतक्या मनापासून कशालाच हो म्हणावंसं वाटलं नव्हतं. "उशी," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो म्हणाली," आणि सही केली. दाब एकशे अठ्ठ्याहत्तरवर आला आणि इंजेक्शन गेलं.

दिवस मावळायच्या आत उजवा हात वर आला. चौथ्या दिवशी ती आधाराने चालली. तोंडही सरळ झालं. नातेवाईक म्हणाले, नशीब बलवत्तर. एक बोलणं तेवढं आलं नाही. आठवड्याभराने आलं ते अख्खंच्या अख्खं, एक वाक्य, खणखणीत: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

बस्स. दुसरं काही नाही. पाणी हवं असलं तरी प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, राग आला तरी तेच, नुसता सूर वेगळा. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं. हजारदा बोललेलं वाक्य कधीकधी एकटंच मागे उरतं. नवरा सुरावरून ओळखायला शिकला. "मीठ कमी पडलंय का?" तो विचारी. ती मान हलवी.

खरा त्रास घरीच सुरू झाला. आधीच्या उन्हाळ्यात स्टँडच्या व्यवस्थापनाने तिचा आवाज यंत्रात भरून घेतला होता. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना नवऱ्याच्याच दुकानातल्या गाद्या लावल्या होत्या. आकडे वेगळे, गावं वेगळी, फलाट वेगळा. यंत्र ते तुकडे जोडून वाक्य करणार. जानेवारीत यंत्र चालू झालं. आता सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत स्टँडवरून तिचाच आवाज घरात यायचा. न चुकता, न थकता, न खोकता. भाजी निवडताना ती हात थांबवून ऐके. तिच्याकडे नसलेले सगळे शब्द कर्ण्यांतल्या त्या बाईकडे होते. नवऱ्याने खिडकी लावून घेतली, तर तिने उठून उघडली.

एकदा तो दुकानातून वर आला तर ती खिडकीशी उभी राहून त्या आवाजाबरोबर ओठ हलवत होती, आणि आवाजही निघत होता. दोन्ही आवाज एकात एक. "धरणाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर." यंत्र थांबलं तशी तीही थांबली, कोणीतरी हात सोडल्यासारखी. तो जिन्यातच बसून राहिला. बायको बोलतेय याचा आनंद मानावा की भ्यावं, हे त्याला कळेना. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज करू दे. जोडीने म्हणता म्हणता एखादा शब्द एकटीचा होतो.

मे महिन्यात एका सकाळी तिने पर्समध्ये बेचाळीस रुपये मोजून घातले आणि नवऱ्याला घेऊन स्टँडवर गेली. केबिनमध्ये कंट्रोलर एकटाच होता. माइकवर फडकं टाकलेलं होतं. तिने पैसे खिडकीच्या फळीवर ठेवले.

त्याने नोटा बोटाने सरकवून पाहिल्या. "हे कशाचे?"

तिने बाहेर, म्हातारी उभी होती त्या जागेकडे बोट दाखवलं. एकीच्या तरी लक्षात आलं होतं. म्हणजे आपण हरलो.

"नाही," तो म्हणाला. "आजीला ऐकू येत नव्हतं. तिने बघितलं. ऐकलं सगळ्यांनी, पण लक्ष कोणी दिलं नाही. तूच जिंकलीस. मी तर तुझ्या शेजारी बसलो होतो." त्याने खिशातून पैसे काढून तिच्या पैशांशेजारी ठेवले. तिने ते परत ढकलले. त्याने तिचे ढकलले.

"दादा, घ्या की," नवरा म्हणाला. "घरी पुन्हा माझ्यावर राग निघेल."

ती चिडली. ओठ जुळवले, काहीतरी शोधलं, आणि म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

कंट्रोलरने मान खाली घातली. "देतोय, बाई. आता देतोय."

वरून घंटा वाजली. कर्ण्यांतून तिचा आवाज उतरला आणि तीही त्याच्याबरोबर बोलू लागली, जुन्या सवयीने माइककडे वाकून. "खाणीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." यंत्र गप्प झालं. गर्दी चौथ्या फलाटाकडे सरकली. ती फडक्याने झाकलेल्या माइककडे बघत होती, आणि मग तिने एकटीने, हळू, पण स्पष्ट म्हटलं, "चार."

स्टँडवर कोणी वळून पाहिलं नाही. कंट्रोलरने पाहिलं. तो वाट बघत राहिला, पण त्या दिवशी पुढे काही आलं नाही.

हरलो म्हटल्याशिवाय पैसे धरायचे नाहीत, असं पैज लावताना ठरलं होतं. तो म्हणतो ते ती मानत नाही, आणि तिला अजून म्हणता येत नाही. बेचाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.